दाखला वर्षभर चालतो

बाळारामदादा म्हात्रे माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी अंगठा बघतात. मी खांदा कॉलनीत राहायला आलो त्या दिवशी जिन्यात भेटले. मी नमस्काराला हात जोडले, तर त्यातला उजवा त्यांनी सोडवून घेतला, अंगठा उजेडात धरला आणि निकाल दिला, "पेनाचा अंगठा. म्हातारपनी तरास नाय." माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं.

याचा उलगडा मला नोव्हेंबरात झाला. ज्यांना पेन्शन किंवा निराधारांचा पगार मिळतो, त्यांना वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे सिद्ध करावं लागतं. सरकारी सेवा केंद्रात जायचं, यंत्रावर अंगठा टेकायचा, दाखला घ्यायचा. आम्हा कारकून मंडळींचे अंगठे पहिल्या फटक्यात उमटतात. पण ज्यांनी जन्मभर मिठागरात मीठ ओढलं, बर्फात हात घालून मासळी विकली, त्यांच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नसतात. यंत्र त्यांना ओळखत नाही आणि पगार थांबतो. दादा स्वतः कळंबोलीच्या लोखंड बाजारात तीस वर्षं सळया उचलत होते. त्यांचा अंगठा गोटीसारखा गुळगुळीत आहे.

दिवाळी उरकली की दादा कामाला लागतात. खांद्याला पिशवी, तीत खोबरेल तेलाची बाटली, जुना टूथब्रश, ओला रुमाल आणि प्लास्टिकच्या फायली. रोडपालीपासून आमच्या कॉलनीपर्यंत ओळखीचे जेवढे म्हातारे, तेवढ्यांच्या दारात जाऊन हे अंगठे तपासणार. "आठ दिस तेल चोल. भांडी सुनेला घासू दे." या एका सल्ल्यापायी रोडपालीतल्या तीन सुनांनी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. कोणी पैसे देऊ केले तर दादांना इतका राग येतो की समोरचा माणूस पुढच्या वर्षी चहाही विचारताना बिचकतो.

दाखला हातात पडला की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "झाला! आता वर्षभर मरायचं नाय. सरकारनी लिवून दिलाय." म्हातारे खूश होऊन हसतात. काहींना ते खरंही वाटत असावं.

यंदा घोडं अडलं ते हिरामावशींचं. मावशी एकट्या राहतात, आता मासळीची टोपली उचलवत नाही म्हणून बाजारात दुसरीच्या पाटीजवळ बसतात. खोलीचं भाडं आणि साखरेच्या गोळ्या, दोन्ही त्या पगारावर. पंधरा दिवस तेल चोळूनही अंगठा उमटेना. शेवटी महिन्याची तीस तारीख, मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. मी रजेवर घरी सापडलो, म्हणून दादांनी मलाही रिक्षात कोंबलं.

केंद्रात दहाही बोटं झाली. यंत्राने दहाही नाकारली. तिथल्या ताई म्हणाल्या, "चेहऱ्याने करून बघू. आजी, मोबाइलकडे बघा आणि पापण्या मिटून उघडा."

मावशींनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि डोळे टक्क उघडे ठेवले. मोबाइलने विनंती फेटाळली. त्याच्या मते समोर जिवंत माणूस नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"मावशी, पापणी हलवा ना," मी म्हणालो.

"फोटो काढताना डोलं मिटायला मी काय येडी हाय?" मावशी म्हणाल्या. त्यांच्या लग्नात फोटोवाल्याने दम भरला होता, डोळे मिटले तर फोटो फुकट जाईल. तो दम त्यांनी पन्नास वर्षं पाळला होता. चौथ्या खेपेला तर त्यांनी श्वासही रोखून धरला.

"आज झालं नाही तर पगार थांबेल हो," ताई कळवळून म्हणाल्या. मलाही धीर धरवेना.

दादा मात्र मोबाइलच्या मागे जाऊन उकिडवे बसले. "मावशे, जिताडा कसा दिलास?"

"कंचा जिताडा?"

"हा काय पुढ्यात. शंभराला टाक पिशवीत."

"शंभराला?" मावशी उसळल्या. "शंभराला त्याचं शेपूट पन येत नाय! चल, उठ माझ्या पाटीवरना! सकालच्या पारी भवानीला आलाय मेला!" बोलताना त्यांच्या पापण्या अशा फडफडल्या की मोबाइलला शंकाच उरली नाही. दाखला निघाला. दादांनी ठरलेलं वाक्य म्हटलं आणि मावशी तोंडाला पदर लावून रडल्या.

त्यांना रिक्षात बसवून आम्ही केंद्राबाहेरच्या बाकावर टेकलो. दादा कागद लावत होते. सगळ्यात खालच्या फायलीत एकच दाखला होता. यमुना बाळाराम म्हात्रे. दादांची बायको, आमच्या काकू. त्या माघात गेल्या होत्या.

"मिठागरवाली ती. गेल्या साली पंधरा दिस तिचा अंगठा चोललाय मी," दादा म्हणाले. "पगार तवाच बंद केला. दुसऱ्या दिशी बँकेत जाऊन मीच सांगितलं. कागद तेवढा ठेवलाय."

त्यांनी तो दाखला फायलीतून बाहेर काढून मांडीवर ठेवला.

"तिलापन बोललो होतो, वर्षभर मरायचं नाय. तिनी ऐकला नाय. पन यावर लिवलंय ना, ती हाय म्हनून." त्यांनी तारखेवरून बोट फिरवलं. "वर्षभर चालतो हा. आज संपेल."

केंद्र बंद व्हायला अजून तासभर होता. दादांना घरी जायची घाई नव्हती. मला त्या माणसाबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती. मी समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले आणि ते संपल्यावर आणखी दोन.