खुशालरावांची ऑटोमॅटिक कोंबडी

माणूस रिटायर झाला की एक तर देवाच्या मागे लागतो, नाहीतर घरच्यांच्या. खुशालराव घरच्यांच्या मागे लागले. देवाला सल्ला देता येत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

विजेच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीमागे त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. खिडकीपलीकडे माणसं घाम पुसत उभी राहायची आणि खुशालराव सांगतील ते मुकाट ऐकून घ्यायची. (न ऐकून करतात काय, लाइन यांच्याकडे होती.) आता अमरावतीत, राजापेठेच्या मागच्या गल्लीतल्या घरात, ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. तरी ते बोलत. बायकोला, म्हणजे पार्वताबाईंना, कणकेत पाणी किती घालावं ते सांगत. सून रागिणीला स्कूटी कुठल्या चौकातून वळवावी ते सांगत. दुधात पाणी घालायचंच असेल तर ते कुठल्या नळाचं घालावं, हेसुद्धा ते एकदा दूधवाल्याला सांगून बसले होते.

अशातच एका दुपारी त्यांनी मोबाइलवर अंडी उबवायच्या मशीनचा व्हिडिओ पाहिला आणि मशीन मागवून टाकली. चोवीस अंड्यांची, फुल ऑटोमॅटिक. अंडी स्वतः फिरवणार, ऊब स्वतः राखणार, काही बिघडलं तर पीं-पीं करून सांगणार. कोणाला काही विचारायची गरज नाही, हा गुण खुशालरावांना फार आवडला. शेंदूरजनाघाटच्या एका संत्रेवाल्याकडून त्यांनी काळ्या कडकनाथ कोंबडीची चोवीस अंडी एसटीत मांडीवर घेऊन आणली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं अनुक्रमांक घातला, तारीख टाकली आणि खाली छोटी सही केली.

ही बातमी अकोल्याला त्यांच्या व्याह्यांकडे, रागिणीच्या वडिलांकडे, पोचायला वेळ लागला नाही. नत्थुजी शेतकरी माणूस. त्यांच्या अंगणात कोंबड्या कधी आल्या आणि कधी वाढल्या याचा त्यांनी जन्मात विचार केला नव्हता. फोनवर ते मनसोक्त हसले आणि म्हणाले, “इवाईबुवा, अंड्याले माय लागते. मशीन घेऊन काय करता?”

फोन स्पीकरवर होता. सुनेच्या देखत झालेला अपमान खुशालरावांना सोसला नाही. ते उठून उभे राहिले. (फोनवर बोलतानाही ते महत्त्वाचं उभं राहूनच बोलत.) “एकविसाव्या दिवशी रविवार येते. तुमी स्वतः पाह्याले या. मशीनमधून पिल्लं निघाली नाई तं या घरात मी कोणालेच सल्ला देणार नाई.”

स्वयंपाकघरात रागिणीनं मिक्सर बंद केला. मग पार्वताबाईंनी आतूनच विचारलं, “अजी, हे तुमी लेहून देता काय?”

खुशालरावांनी लिहून दिलं नाही, पण शब्द गेला तो गेलाच. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाचं त्या मशीनकडे लक्ष होतं. कोणाच्या मनात काय चाललं आहे, हे मात्र कोणी बोलून दाखवत नव्हतं.

आठव्या दिवशी खुशालरावांनी अंड्यांना टॉर्च लावून पाहिला. दहा अंडी कोरी निघाली. चौदांत मात्र लाल रेषांचं बारीक जाळं दिसलं आणि त्यांनी ते सगळ्यांना बोलावून दाखवलं. अकराव्या दिवशी दुपारी चार वाजता वादळ आलं, गारा पडल्या, कोपऱ्यावरच्या निंबाची फांदी तारांवर कोसळली आणि गल्लीतली लाइन गेली. मशीननं थोडा वेळ पीं-पीं केलं, मग तीही गप्प झाली. घरातला इन्व्हर्टर दोन वर्षांपासून बंद होता. नवी बॅटरी घेऊ नका, लाइन आता जाते कुठं, असा सल्ला खुशालरावांनीच दिला होता.

त्यांनी आपल्या जुन्या ऑफिसात फोन लावला. खिडकीवर आता योगेश बसत होता, खुशालरावांच्या हाताखाली तयार झालेला. योगेश अदबीनं म्हणाला, “साहेब, फॉल्ट शोधणं चालू आहे. माणसं निघालीच आहेत. लाइन येऊन जाईन.” खुशालरावांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. हे वाक्य त्यांनीच त्याला शिकवलं होतं, आणि माणसं अजून चहा पीत असतात तेव्हा ते म्हणायचं असतं हेही त्यांना माहीत होतं.

गारांनी हवा चांगलीच गार पडली. खुशालरावांनी मशीनवर आधी चादर टाकली, मग गोधडी टाकली, मग झाकणाखाली स्वतःचे दोन्ही हात घालून बसले. नवऱ्याचा सल्ला पार्वताबाईंना नको होता हे खरं, पण त्याचा असा उतरलेला चेहराही त्यांना पाहवेना. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि मागच्या भिंतीशी जाऊन पलीकडच्या शेजारणीला, नसीमबानोला, हाक मारली.

नसीमबानोचा नवरा इनायतुल्ला कूलर बनवायचा. अंगणात एक जुना, गंजलेला कूलर आडवा पडला होता आणि त्यात गेला आठवडाभर भुरी नावाची कोंबडी खुडूक बसली होती. कोंबडी खुडूक झाली की तिला उबवण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. भुरीच्या पोटाखाली एकही अंडं नव्हतं, तरी ती नुसत्या गवतावर बसून होती. तिला थंड पाण्यात बुडवून जागेवरून उठवावं, असं नसीमबानोनं त्याच दिवशी ठरवलं होतं.

दिवेलागणीची वेळ झाली, पण दिवे काही लागले नाहीत. त्या अंधुक उजेडात नसीमबानोनं एकेक अंडं भुरीच्या पोटाखाली सरकवलं. भुरीनं चोचीनं ते आत ओढून घेतलं. अनुक्रमांक पाहिला नाही, सही पाहिली नाही. खुशालराव मोबाइलमधलं वाचून योग्य तापमान सांगत होते, तेव्हा नसीमबानो शांतपणे म्हणाली, “भाईसाब, तुमी जरा मागं सरका. तिले मर्द मानूस पसंद नाई.”

तिसऱ्या दिवशी लाइन आली आणि खुशालराव अंडी परत न्यायला टोपली घेऊन हजर झाले. शब्द मशीनचा दिला होता, कोंबडीचा नाही. नसीमबानोनं टोपली रिकामीच परत केली. “अंडे तुमचे असतीन, भाईसाब. पर अब औलाद उसकी है.”

मग समोरच्या खोलीत मशीन रिकामीच चालू राहिली आणि खुशालराव दिवसभर भिंतीपलीकडे देखरेख करू लागले. भुरी रोज सकाळी वीस मिनिटं दाणापाण्याला उठते, आणि तेही कोणाला न सांगता, अशी तक्रार त्यांनी नसीमबानोकडे केली. अंडी दिवसातून तीनदा फिरवायची असतात, हे त्यांनी भुरीला समजावून सांगितलं. (ती पंचवीसदा फिरवत होती.) एकदा तिच्या पोटाखाली थर्मामीटर सरकवायला गेले, तेव्हा तिनं त्यांच्या बोटाला कडकडून चोच मारली. सल्ला देताना ते जे बोट वर करायचे, नेमकं तेच बोट होतं. रागिणीनं त्यावर पट्टी बांधली आणि हसू लपवायला खिडकीकडे तोंड फिरवलं.

शनिवारी संध्याकाळी कूलरातून चिवचिव ऐकू आली. खुशालराव उकिडवे बसून आत डोकावले. सतरा नंबरच्या अंड्याला बरोबर त्यांच्या सहीवर तडा गेला होता आणि त्यातून काळी, ओली चोच बाहेर येत होती. एवढं मोठं काम आपल्या सहीनं पूर्वी कधी झालं नव्हतं, असं त्यांना वाटलं आणि ते खरंही होतं. रविवारी सकाळी भुरीच्या भोवती अकरा काळीकुट्ट पिल्लं होती. ती त्या भुऱ्या कोंबडीची आहेत असं कोणी म्हटलं नसतं, पण भुरीला त्याबद्दल काही शंका नव्हती.

दहा वाजता नत्थुजी अकोल्याहून पोचणार होते. साडेनऊला भुरी दाण्यासाठी उठली. खुशालरावांनी इकडेतिकडे पाहिलं, सहा पिल्लं कापडी पिशवीत घातली आणि भिंतीवरून घरी आणून मशीनमध्ये ठेवली. वरून काच पुसली.

नत्थुजी आले, पाणी प्याले, काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, “मानलं, इवाईबुवा.” खुशालरावांची छाती फुगली. पट्टी बांधलेलं बोट वर करून त्यांनी ऊब, ओलावा, हवा असं सगळं क्रमानं सांगायला सुरुवात केली. आत सहाही पिल्लं जीव तोडून ओरडत होती.

तेवढ्यात भिंतीवर फडफड झाली. भुरी स्वयंपाकघरातून शिरली, रागिणीच्या हातातल्या पोह्यांच्या ताटलीवर पाय देऊन बैठकीत आली, खुशालरावांच्या पोटरीला एक चोच मारली आणि मशीनवर चढून पंख पसरून बसली. मागोमाग उरलेली पाच पिल्लं ओढणीत घेऊन नसीमबानो दारात उभी राहिली. हिची सहा पिल्लं कुठे गेली, एवढंच तिनं विचारलं.

नत्थुजींनी कोंबडीकडे पाहिलं, नसीमबानोकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे पाहिलं. “हे कोण?”

“बॅकअप,” खुशालराव म्हणाले.

“मंग मशीनमधून पिल्लं किती निघाली?”

खुशालरावांना घाम फुटला. पण बत्तीस वर्षं खिडकीवर बसलेला माणूस उत्तरावाचून राहत नाही. “सहा टाकले होते,” ते खाली पाहत म्हणाले. “काढले तं सहाच्या सहा निघतीन.”

त्यांनी झाकण उघडलं. सहाच्या सहा निघाली आणि धावत भुरीच्या पोटाखाली गेली. नत्थुजी हसता हसता ठसक्यानं लाल झाले आणि म्हणाले, की जाऊ द्या, शब्दातून सुटलात असं समजा. खुशालरावांनी मात्र मान हलवली. खोटं पकडलं गेल्याची लाज त्यांना खरोखर वाटत होती. निदान शब्द तरी खरा करावा, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं.

आणि ते पाळलंही. कणीक सैल झालेली दिसली, ते बोलले नाहीत. रागिणीनं स्कूटी उन्हात लावली, ते गल्लीत जाऊन उभे राहिले. वरणात मीठ कमी होतं, त्यांनी तसंच खाल्लं. दिवस काढणं जड गेलं, पण कधीतरी कोणीतरी येऊन म्हणेल की बोला हो, घर खायला उठतं, या आशेवर ते तग धरून होते. पाच दिवस गेले. कोणी आलं नाही.

शेवटी ते आपण होऊन स्वयंपाकघराच्या दारात गेले. पार्वताबाई भाजी निवडत होत्या.

“पाच दिवस झाले,” खुशालराव म्हणाले, “मी कोणाले एक सल्ला देल्ला नाई. घर सुनं वाटत असन ना?”

पार्वताबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“थांबले होते काय तुमी?” त्या म्हणाल्या. “मले वाटलं, देऊनच राहिले असान.”