दहा शेअरांची तब्येत

शेअरचा ‘भाव’ हा शब्द तात्यांच्या तोंडी कधी आला नाही. ते ‘तब्येत’ म्हणत. सकाळी टपरीवर पेपर उघडायचा, बारीक आकड्यांवरून बोट फिरवत एका सॉफ्टवेअर कंपनीपाशी थांबायचं आणि जाहीर करायचं, “आज बरा हाय.” भाव पडला असला तर, “जरा कणकण हाय. उतरंल.” त्या दिवशी दुसरा चहा बंद.

भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये तात्यांची नोकरी सरली. कंप्युटर पाहिला तो बँकेतला, तोही प्लास्टिकच्या झाकणासकट. नव्वदीच्या अखेरीस सगळ्यांनाच सॉफ्टवेअरचं खूळ लागलं होतं. टपरीवर बसून आम्ही रोज श्रीमंत व्हायचो. तात्यांकडे शेअर फक्त दहा. भाव दुप्पट झाला तेव्हा मी म्हटलं, “तात्या, विका आता!” ते असे बघायला लागले, की मी पुढचा घोट गिळलाच नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीकांत त्याच कंपनीत होता, पुण्याला. त्याने स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं आणि तात्या भरल्या घरात बोलून बसले, “तुझ्या चुलीवर दूध उतू घालवाया मी येनार न्हाई!” आमच्याकडे नव्या बिऱ्हाडात आधी दूध उतू जाऊ देतात, वडीलधाऱ्यांसमोर. श्रीकांत गेला तो गेलाच. पुढे तात्यांची बायकोही वारली. पोराची खबर म्हणून उरला तो पेपरातला आकडा.

मग बातमी आली, की कंपनी आपला एक विभाग तोडून वेगळी कंपनी काढणार. टपरीवर नुसती जत्रा.

“जुन्या शेअरवर नवा फुकट!”

“बाजारात येऊ द्या, तिप्पट जातोय!”

तात्यांनी पुण्याच्या मेव्हण्याला फोन करून एवढंच विचारलं, श्रीकांत कुठल्या वाटणीत? उत्तर आलं, नव्या.

“मंग नव्याचा आकडा पेपरात कवा येनार?” त्यांनी मला विचारलं.

“बाजारात नोंद झाल्यावर. केव्हा होईल, सांगता येत नाही.”

“तात्यांना लई घाई झाली राव!” कोणीतरी म्हणालं आणि टपरी हसली. म्हाताऱ्याला हाव सुटली, असंच सगळ्यांना वाटलं.

वाटणी झाली. पेपरात जुनी कंपनी होती, नवी नव्हती. तात्यांचं बोट नेहमीच्या जागी थांबलं. “ह्यात आता आपलं कोन हाय?” म्हणाले आणि पेपर घडी करून ठेवला. नंतर ते टपरीवर आलेच नाहीत.

नव्या शेअरांचा कागद पोस्टाने आला त्या दिवशी त्यांच्या घरातून करपल्याचा वास सुटला. मी समोरच्याच घरातून धावत गेलो. ओट्यावर तो कागद, त्याला हळदकुंकू लावलेलं. शेजारी शेगडीवर दुधाचं पातेलं भरभरून उतू जात होतं.

“तात्या, गॅस बंद करा!”

“ऱ्हाऊ दे. नवी चूल हाय त्याची,” ते म्हणाले. “घरचं कुनी नको व्हय?”

दूध ओट्यावरून फरशीवर ओघळत राहिलं. मी गॅसला हात लावला नाही.