हास्यमुद्रेसह

कायदा लोकांच्या भल्यासाठी असतो, आणि आपलं भलं कशात आहे हे लोकांना कळत नसल्यामुळे तो लिहून ठेवावा लागतो. (लिहिणाऱ्याला ते कळतं, हे गृहीत धरलेलं आहे.)

माझे वडील विधिमंडळात एकतीस वर्षं शीघ्रलेखक होते. सभागृहात कोण काय बोललं ते लघुलिपीत उतरवायचं आणि योग्य जागी कंसात (हशा) किंवा (गोंधळ) लिहायचं, हे त्यांचं काम. घरी ते गप्प असत. आई म्हणायची, "साऱ्या राज्याचं ऐकून येतात, माझी पाळी आली की कान मिटतात."

गेल्या महिन्यात ते गेले. चष्मा कचेरीच्या खणात राहिला. आईने त्यांचा फोटो भिंतीवर लावला, तो नेमका बिनचष्म्याचा.

"हे मला ओळखणार कसे गं?" ती म्हणाली. "जा, चष्मा घेऊन ये. अडकवते फोटोला."

मी गेले. कारकून अत्यंत सौजन्यशील होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि कायदा वाचून दाखवला : 'मृत कर्मचाऱ्याच्या वस्तू वारसाने हास्यमुद्रेसह अर्ज केल्यावर देण्यात याव्यात.'

"अर्ज चोख आहे, ताई. मुद्रा तेवढी नाही."

"अहो, ते हस्तमुद्रा असणार. अंगठा! छपाईची चूक आहे."

"कायद्यात चूक नसते, हेतू असतो. हेतू शोधायचा तर तिसरा मजला, ग्रंथालय. तोवर जरा हसून बघता?"

मी बघितलं.

"छे. हे नुसते दात झाले."

या कलमाखाली आजवर दोनशे बारा अर्ज आले. एकशे चाळीस जागच्या जागी मंजूर झाले. (वारस हसतच आले होते.) एकसष्ट सरावानंतर मंजूर झाले. दहा फेटाळले, कारण अर्जदार खदाखदा हसले, आणि कायद्यात आवाजाची तरतूद नाही. उरलेला माझा.

ग्रंथालयात मी आठ दिवस बसले. कायद्याचा इतिहास शोधणं म्हणजे नदीचं मूळ शोधण्यासारखं. फरक एवढाच, की इथे प्रत्येक वळणावर पोचपावती मिळते. मूळ मसुद्यात 'हस्तमुद्रा' होती. उद्देश आणि कारणांच्या निवेदनातही 'हस्तमुद्रा'च. मग विधेयक समितीकडे गेलं. समितीच्या सहा बैठका झाल्या. चौथीच्या दिवशी नेहमीचा टंकलेखक रजेवर होता, आणि पाचवीपासून 'हास्यमुद्रा'. समितीने अहवाल एकमताने स्वीकारला. (हजेरीपत्रकावर सर्वांच्या सह्या आहेत, अहवालावर चहाचे डाग आहेत.)

सभागृहात एका सदस्याच्या ते लक्षात आलं होतं.

"अध्यक्ष महोदय, घरचं माणूस गेल्यावर हसायचं कसं?" (हशा)

मंत्री म्हणाले, "सन्माननीय सदस्यांचा पक्ष मागची निवडणूक हरला, तेव्हा आम्ही हसलो तसं." (प्रचंड हशा)

विधेयक संमत झालं.

"हेतू स्वच्छ आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "सभागृह दोनदा हसलंय." तरीही रीत म्हणून त्यांनी त्या दिवसाची शीघ्रलेखकाची मूळ वही काढून दिली.

अक्षर बाबांचं होतं. लघुलिपी मला वाचता येते. लहानपणी त्यांनीच शिकवली होती, आईपासून गुपितं ठेवण्यासाठी. 'प्रचंड हशा'च्या पुढे आणखी एक कंस होता, छापील प्रतीत नसलेला : (शीघ्रलेखक हसला नाही.) शेजारी वरिष्ठांचा लाल शेरा : 'अनावश्यक. वगळावे.'

एकतीस वर्षांत त्या इमारतीत बाबा स्वतःहून एवढंच बोलले होते. तेही कंसात.

"ताई, हलू नका," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या. "आलीय. तशीच धरा आणि खाली चला."

भरलेली घागर न्यावी तसं ते हसू मी तीन मजले खाली नेलं. कारकुनांनी ते निरखून पाहिलं आणि शिक्का मारला. मग पान उलटलं.

"आता साक्षीदार. हे प्रकरण समजून घेऊन हसलेले दोघे हवेत."

ग्रंथपालबाईंनी सही केली. दुसरी जागा अजून रिकामी आहे. त्यासाठीच हे सगळं लिहून काढावं लागलं. आई रोज फोटोसमोर उभी राहते, अगदी जवळ जाऊन, त्यांना दिसावी म्हणून.

तरी आपण वर ज्या ओळीला हसलात तिच्याखाली रेघ मारावी आणि सही करावी.

(अंगठा चालणार नाही.)