गुडघ्यांच्या सोयीचा धबधबा

आईला धबधब्याच्या पाण्यात हात घालायचा होता. मागणी साधी होती, त्यामुळे ती आमच्या घरात बरीच वर्षं प्रलंबित राहिली. लहानपणी शाळेच्या सहलीत तिने धबधबा लांबून पाहिला होता. जवळ जाणार तोच बस सुटायची वेळ झाली. "एकदा हात लावून बघते, मग काही मागणार नाही," असं ती म्हणायची. शेवटी 'गाडीने थेट जाता येईल असा निसर्गरम्य धबधबा' ही ओळ माझ्या वाचनात आली आणि माझ्यातला आज्ञाधारक मुलगा जागा झाला.

थेट म्हणजे अगदी थेट नव्हता. डांबरी रस्ता एका वळणावर संपत होता आणि तिथून पायवाट सुरू होत होती. पायवाट वर जात होती. आई चपला हातात घेऊन निघालीसुद्धा. मी पायवाटेकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि म्हणालो, "आई, तुझे गुडघे."

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?"

"अजून काही झालेलं नाही. म्हणूनच जपायला हवेत."

"अरे, लिफ्ट बंद पडते तेव्हा मी चार मजले चढते. तू खाली दुकानात बसून राहतोस."

बायको तोंड वळवून हसली. मी ते हसू मोठ्या मनाने निसर्गाच्या खात्यात टाकलं.

वळणावर छत्रीखाली एक टेबल होतं आणि टेबलामागे सोय-अधिकारी. पर्यटकांची गैरसोय ऐकून घेणं हे त्यांचं काम. सकाळपासून कोणी न आल्यामुळे ते खिन्न होते.

"काही गैरसोय?" त्यांनी आशेने विचारलं.

"चालावं लागतं. म्हणजे मला नाही, आईला."

"मातोश्रींचे गुडघे," ते समजून म्हणाले. "इथे येणाऱ्या प्रत्येक धडधाकट माणसाबरोबर एक मातोश्री असतातच."

"मला काही त्रास नाही हो," आई म्हणाली.

"ज्येष्ठ मंडळी तक्रार करत नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने इतरांना करावी लागते."

आई चपला घालून गाडीत बसली. धबधब्याचा आवाज मात्र सुरेख येत होता, मी एसीसाठी काचा बंद करेपर्यंत.

दुसरी भेट.

(या जागी निसर्गवर्णन आहे असं समजावं. मी पार्किंग शोधत होतो.)

रस्ता वर पोहोचला होता. जी झाडं रस्त्याच्या आड येत होती ती आता येत नव्हती. गाडी थेट धबधब्यासमोर लागली. पण गाड्या थेट आल्यामुळे गर्दी वाढली, गर्दी वाढल्यामुळे लोक पाण्यात घसरू लागले, लोक घसरू लागल्यामुळे कठडा आला, आणि कठडा सुरक्षित अंतरावर हवा म्हणून तो पार्किंगला चिकटून आला. आईने कठड्यावरून हात पुढे केला. हात आणि पाणी यांच्यामध्ये एक आख्खी बस आडवी मावली असती.

"तुषार तरी येतात," ती म्हणाली आणि डोळे मिटून उभी राहिली.

मी लगबगीने अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांना आता केबिन मिळाली होती.

"आता कुठपासून चालावं लागतं?" त्यांनी विचारलं.

"गाडीपासून कठड्यापर्यंत."

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे अजूनही चालावं लागतंच."

"शिवाय पाणी उडतं. सीट ओल्या होतात. आईला सर्दी होईल."

"मला कधी सर्दी..." आई दारातून म्हणाली. अधिकाऱ्यांनी तिच्यासाठी तातडीने खुर्ची मागवली. ती येईपर्यंत आमची निघायची वेळ झाली.

तिसऱ्या भेटीत मला एक पाऊलही टाकावं लागलं नाही. हे वाक्य मी अभिमानाने लिहितो. यापुढची वाक्यं तशी लिहिता येणार नाहीत.

रस्ता आता धबधब्याच्या बरोबर खालून जात होता. रस्त्याला रुंदी हवी म्हणून कडा कापला. कडा कापल्यावर पाणी पडेनासं झालं आणि बाजूच्या उताराने निमूट निघून जाऊ लागलं. मग पंप बसवून त्याला परत वर नेण्यात आलं. गाडी पिवळ्या पट्ट्यावर आली की धबधबा आपोआप सुरू होई आणि पट्टा सोडला की बंद. शेजारी पाटी होती: 'निसर्ग जपून वापरा.'

पट्ट्याआधी अधिकारी स्वतः खिडकीशी वाकले. "काचा खाली करायच्या नाहीत. दारं उघडायची नाहीत."

"का हो?" आईने विचारलं.

"सीट ओल्या होतात, असं यांचंच म्हणणं होतं. आणि तुमची सर्दी." मग आवाज हळवा करून ते म्हणाले, "मातोश्री, हे सगळं तुमच्यामुळे. उद्घाटनाच्या भाषणात तुमच्या गुडघ्यांचा उल्लेख होता."

आम्ही पट्ट्यावर आलो. टपावर धबधबा कोसळला. मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. बायको म्हणाली, "गाडी छान धुतली गेली." आईने आतून काचेला तळहात लावला. पलीकडून पाणी घसरत होतं.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"कोरडं," आई म्हणाली, आणि दार उघडून उतरली.

तिचे दोन्ही गुडघे अत्यंत सुस्थितीत असल्याचं या प्रसंगी निदर्शनास आलं. ती सरळ पाण्याखाली गेली, दोन्ही हात वर केले आणि उभी राहिली. काहीतरी बोलत होती. काच बंद असल्याने मला कळलं नाही.

ध्वनिक्षेपक खरखरला. "सूचना. मार्गावर एक व्यक्ती पायी आढळली आहे. पायी व्यक्तींसाठी येथे व्यवस्था नाही. व्यक्तीने कृपया आपल्या वाहनात बसावे."

व्यक्तीने ऐकलं नाही. धबधबाही कोणाला बंद करता येईना, कारण पट्ट्यावर माझी गाडी होती. गाडी उभी होती तोवर पाणी पडणार होतं. एवढ्या वर्षांत आईसाठी करण्यासारखी ही एकच गोष्ट होती आणि त्यासाठी मला काही करावंच लागणार नव्हतं.

मागून हॉर्न वाजला.

"राहू दे तिला दोन मिनिटं," बायको म्हणाली.

"अगं, रांग खोळंबलीये. लोक काय म्हणतील?"

दुसरा हॉर्न लांबलचक होता. मी गाडी पुढे घेतली. पाणी थांबलं. आई हात वर करून नुसतीच उभी राहिली.

मागची गाडी तुमची होती. आरशात तुम्ही मला स्पष्ट दिसलात. तुमच्या मागच्या सीटवरही कोणीतरी म्हातारं माणूस काचेला नाक लावून बसलं होतं, आणि तुम्ही मान वळवून त्याची समजूत घालत होतात, बहुधा अशीच: "त्या बाई बाजूला झाल्या ना, की लगेच आपलाच नंबर."