डिगूभाऊंचे पडदे

आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसात कुणीही आलं, की डिगूभाऊ आधी त्याचं बोट धरत. पोस्टमन असो, चहावाला असो, की सिलिंडर घेऊन आलेला माणूस. नवी स्क्रीन लोकांना कळते का ते बघायला टेबलावर पुठ्ठ्याचा मॉनिटर, त्यावर कागदाची छापील बटणं. "दाबा," भाऊ म्हणत. समोरच्यानं बटण दाबलं, की झटकन दुसरा कागद सरकवत. "आता काय करू?" असं त्यानं विचारलं, तर तोंड मिटून बसत. फारच झालं तर म्हणत, "मी मशीन आहो. मशीन बोलत नाई."

कॉम्प्युटर नुकते गावागावात पोचत होते तेव्हाची गोष्ट. आम्ही वजनकाट्यांसाठी, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. प्रोग्रॅम मी लिहायची. स्क्रीन कशी दिसेल ते भाऊ कोरल नावाच्या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये आखायचे. आधी ते आरमोरीत दुकानांच्या पाट्या रंगवत. कोरलवर मात्र जीव जडला. "ब्रशची रेघ मोठी केली का फाटते, बाई. हे कितीबी ताना, फाटतच नाई."

घुग्घुसच्या एका वजनकाट्यावर ट्रक ड्रायव्हरनं 'रिकामा'च्या ऐवजी 'भरलेला' दाबलं. काट्याचा मालक त्याच्यावर खेकसला. भाऊ मध्ये पडले. "त्याले काऊन बोलता? माणूस चुकत नाई, पडदा चुकते." स्क्रीनला ते पडदाच म्हणत. परत येऊन बटणावरचं ट्रकचं चित्र नव्यानं काढायला बसले, ते चहालाही उठले नाहीत.

त्या हिवाळ्यात त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घरात दोघंच, मूलबाळ नव्हतं. आठवडाभरानं, शेजारणीला घरी बसवून, भाऊ ऑफिसात आले, ते सरळ माझ्या टेबलापाशी.

"तिले काय पायजे ते मले समजूनच नाई राह्यलं, बाई."

मग त्यांनी सुमनबाईंसाठी पडदा आखला. पाण्याचा गडवा, चहाचा कप, पंखा, मासोळी, खुर्ची. बाई मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरातल्या. मासोळीचे खवलेसुद्धा भाऊंनी एकेक करून काढले. मी त्याला फिरती चौकट जोडून दिली. चौकट एकेका चित्रावर थांबायची; हवं ते आलं, की बाईंनी डाव्या हातानं माउस दाबायचा. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर भाऊंनी खाटेजवळ मांडला.

बाई शिकल्या, दाबायला वेळ लागे इतकंच. पण दाबायच्या एकच चित्र: खुर्ची. भाऊ धावत जाऊन त्यांना उचलून बसवत. बाई कण्हत. भाऊ परत निजवत. निजवलं, की पुन्हा खुर्ची.

"पडदाच चुकला," भाऊ मला म्हणाले. खुर्ची मोठी केली, रंग बदलला, खुर्चीत बसलेली बाई काढली. काही फरक पडेना.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. बाईंनी पुन्हा खुर्ची दाबली. भाऊ त्यांना उठवायला वाकले, तसा बाईंनी डाव्या हातानं त्यांचा सदरा धरला आणि खाली ओढला. भाऊंचा तोल गेला. ते बाजूच्या स्टुलावर धपकन बसले. उठू लागले, तर बाई सदरा सोडेनात.

"मी बसू?" भाऊंनी विचारलं. "मीच?"

बाईंनी डोळे मिटले. हात सदऱ्यावरच राहिला. भाऊ हलले नाहीत. त्यांना नुसतं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. कागद नाही, पेन्सिल नाही.

त्यानंतर ते रोज दुपारीच घरी जाऊ लागले. आमच्या ऑफिसच्या मालकानंही अडवलं नाही. उन्हाळा लागता लागता सुमनबाई गेल्या.

दहावं-तेरावं झाल्यावर मी भेटायला गेले. खाट भिंतीला उभी केलेली होती. खालच्या मोकळ्या फरशीवर भाऊ बसले होते, आणि समोर कॉम्प्युटर सुरू होता. चौकट गडव्यावरून कपावर, कपावरून पंख्यावर फिरत होती.

"भाऊ, बंद करू का?" मी हळूच विचारलं.

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "तिले वेळ लागते."