आगाऊ रडणं

द्राक्षांची गाडी घरातलं कुणी रडल्याशिवाय सुरू होत नाही. बाजरीचं तसं नसतं. तुळशीरामनं जन्मभर बाजरी केली, पोती कोरड्या डोळ्यांनी बाजारात गेली. मग मुलानं, सुदामनं, बाजरी मोडून द्राक्षबाग लावली आणि ही रीत घरात आली.

खायच्या द्राक्षांना डोळे पाणावले तरी भागतं. वाइनच्या द्राक्षांना हुंदका लागतो, तोही खरा. पहिल्या वर्षी सुदामनं कांदा चिरून पाहिला. गाडी बांधापर्यंत गेली आणि बंद पडली. वाइनरीचे साहेब खाली उतरले.

"कांद्यावर रडलेला माल टाकीत आंबत नाही," ते म्हणाले.

मागच्या हंगामाच्या तोंडावर तुळशीरामची बायको भामाबाई गेली. सगळा माल तिच्या नावानं गेला. लोक म्हणाले, बाई जाताना घराचं भलं करून गेली.

यंदा घड चांगले भरले. गाडी आली. तुळशीरामनं भामाबाईला आठवलं. दुधावरची साय ती गुपचूप त्याच्या वाटीत सारायची, तेही आठवलं. काहीच आलं नाही. दुसऱ्या कुणाची तरी बायको आठवावी तसं झालं.

"आण्णा, जरा जोर लावा," सुदाम म्हणाला.

"लावतोय रे बाबा."

साहेबांनी त्याचे डोळे पाहिले. "बाई मागच्या वर्षीच संपली. होतं असं. घरात दुसरं काही?"

"माझ्या माहेरची म्हैस मेली परवा," सून मंगल म्हणाली.

"म्हशीवर सायकलसुद्धा हलत नाही, ताई."

ऊन चढत होतं. क्रेटमधले घड मऊ पडू लागले. सुदाम बराच वेळ बापाकडे बघत राहिला.

"आण्णा, रागावू नका. तुम्ही गेलात असं धरतो."

"धर की."

सुदामनं तोंड झाकलं. आधी खांदे हलले, मग हुंदका फुटला. गाडी सुरू झाली. तुळशीरामनं उपरण्यानं पोराचं तोंड पुसलं.

"अजून एक खेप आहे," साहेब म्हणाले. "पण सांगून ठेवतो, आगाऊ रडलं की वेळेला येत नाही."

"मला विचारा," तुळशीराम म्हणाला.

दुपारी गाडी परत आली. आता उभ्या माणसाकडे बघून सुदामला जमेना. तेव्हा तुळशीरामनं स्वतःच ओट्यावर घोंगडी अंथरली, दक्षिणेकडे पाय केले आणि डोळे मिटले.

"या, जवळ बसा. मंगल, तूही ये."

"आण्णा, कधी टाकून बोलला नाहीत हो मला!" मंगलनं टाहो फोडला. सुदामनं बापाचे पाय धरले. गाडी एका दमात बांध ओलांडून गेली.

तुळशीरामनं डोळे उघडले तेव्हा दोघं विहिरीवर आंघोळीला गेली होती. चूल पेटली नव्हती. दिवेलागणीला शेजारच्या धोंडाबाई रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी घेऊन आल्या.

"दोन घास खाऊन घ्या रे. जाणारा गेला, मागच्यांनी जगायचं असतं."

त्यांनी दोन ताटं वाढली. तुळशीराम उंबऱ्याशी बसून होता. सुदामला ठसका लागला, तसा तुळशीरामनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. सुदाम घटाघटा पाणी प्याला, तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा जेवू लागला.