बाप बाहेर

तारीख: जुलैतला एक रविवार. स्थळ: नांदेड, माझे साडू उत्तमराव यांच्या घराची गच्ची. उपस्थित: चार बाप, पैकी एक मी. फी: काही नाही. तिच्याऐवजी प्रत्येक बापापुढे एक सूप आणि भुईमुगाच्या शेंगांची एक पाटी.

मुलांच्या ॲडमिशनचा फॉर्म भरायची वेळ आली की नांदेड-लातूरकडची निम्मी सोयरीक उत्तमरावांचं दार वाजवते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हे एकच काम अंगावर घेतलंय. कोणता दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो, कुठल्या फेरीतली जागा सोडली तर चालते आणि कुठल्या फेरीतली सोडली तर घात होतो, सगळं तोंडपाठ. पैसा घेत नाहीत. अट एकच, आणि ती दार उघडतानाच सांगतात: "बाप बाहेर."

"आणि आई?" मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलं होतं.

"आई नुसती काळजी करते हो साडू. बाप माउस धरतो."

तेव्हा आया खाली कमलताईंपाशी चहा पितात आणि बाप गच्चीवर शेंगा फोडतात. कमलताई म्हणजे उत्तमरावांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. हात रिकामा राहिला की तो लेकराच्या फॉर्मवर जातो, असं उत्तमरावांचं शास्त्र. दाण्यांची चटणी होते आणि जाताना प्रत्येक घराला एक बरणी मिळते. मागे एका इंजिनियर बापाने खवट दाणे चांगल्यात मिसळले, तर कमलताईंनी त्याला परत वर पाठवून निवडायला लावले होते.

कॉलेजांबद्दल उत्तमरावांची मतं स्वतंत्र आहेत. कुठल्याही गावाला गेले की तिथल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पैसे भरून जेवून येतात. "त्या कॉलेजचं नाव मोठं हाय, पण वरण लई पातळ," किंवा "मास्तर बरे हायेत, पण पोरं ताटात अन्न टाकून उठायलेत, म्हणजे काहीतरी बिघडलंय." आम्ही कटऑफ विचारावा आणि त्यांनी वरणाची जाडी सांगावी.

आता माझ्याबद्दल. मी लातूरच्या एका सहकारी बँकेत हिशेब तपासतो. माझी मुलगी ऋतुजा दुसऱ्यांदा नीटची परीक्षा देऊन बसली होती आणि सरकारी एमबीबीएस याही वेळी थोडक्यात हुकणार हे दिसत होतं. मी एक तक्ता केला. मागच्या वर्षांचे कटऑफ, फी, लातूरपासूनचं अंतर, हिरवा-पिवळा-लाल रंग. मेडिकल, त्याखाली डेंटल, त्याखाली आयुर्वेद. अगदी खाली ठळक अक्षरांत: "अन्यथा रिपीट." म्हणजे तिसऱ्यांदा. लातुरात हे कोणाला वावगं वाटत नाही; आमच्या गल्लीत एक पोरगा इतक्यांदा बसलाय की क्लासवाले त्याला अडलेली गणितं विचारतात.

तक्ता इतका देखणा झाला होता की मी त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं. उत्तमरावांनी तो हातात घेतला, उलटासुलटा पाहिला.

"लई मेहनत घेतली साडू. पोरीनं पाहिला का?"

"तिच्यासाठीच तर केलाय."

"हाव, पण पाहिला का?"

मी उत्तर देईपर्यंत माझ्या हातात सूप आलं होतं.

गच्चीवर माझ्या शेजारी नायगावचे खतविक्रेते शंकरराव होते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दोनदा खाली डोकावून आलो. खोलीत ऋतुजा संगणकासमोर, आणि उत्तमराव भिंतीकडे तोंड करून पेपर वाचत बसलेले. हे कसलं मार्गदर्शन, मला कळेना. दुसऱ्या वेळी त्यांनी मान न वळवता विचारलं, "तांब्या गच्चीवरच भरून ठिवू का साडू?"

मी वर येऊन मुकाट्याने शेंगा फोडू लागलो. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. ओटीपी. फॉर्मला नंबर माझा दिलेला, तेव्हा तो येणारच होता. पण संदेश मेडिकलच्या प्रवेशाचा नव्हता. पशुवैद्यकीयचा होता.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. तो अर्ज वेगळा असतो, मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, हे मला नंतर कळलं. माझ्या तक्त्यात ते खातंच नव्हतं. मी मूळचा देवणीचा. आमच्या गावाच्या नावाने गाय ओळखली जाते. आणि माझ्या तक्त्यात माणसांच्या दातांना जागा होती, गाईला नव्हती.

"साडूऽऽ, आकडा सांगा!" खालून हाक आली.

बँकेत रोज खातेदारांना सांगतो, ओटीपी कोणालाही देऊ नका, घरच्यांनाही नाही. इतकी वर्षं केलेला उपदेश स्वतः पाळायची संधी पहिल्यांदाच आली होती आणि मी ती साधली. दहा मिनिटं तो आकडा मुठीत धरून बसलो. तो बाद झाला.

जिन्यात पावलं वाजली. ऋतुजा होती, मागे उत्तमराव.

"बाबा, ओटीपी."

"हे काय भरायलीस?"

"मला जे शिकायचंय ते."

"ढोरांची डॉक्टर?"

"दिवाळीत देवणीच्या काकांच्या गोठ्यात गाय अडली होती, तेव्हा तुम्ही तिकडं तोंड फिरवून उभे होतात. मी डॉक्टरांच्या हाताखाली होते. मला त्या रात्रीपासून माहितीये, बाबा. तुम्ही विचारलं नाही, तक्ता दिला."

शंकररावांना राहवलं नाही. त्यांच्या मुलालाही अजून खाली अर्ज भरायला बसायचं होतं. "उत्तमराव, तुमचं बरं हाय. तुमाला लेकरू न्हाई. बापाच्या पोटात काय कालवतंय ते तुमाला काय कळणार?"

गच्चीवर शेंगा फुटायच्या थांबल्या. उत्तमरावांना मूल नाही, हे सगळ्यांना माहीत. कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं इतकंच. मी माझ्याच सुपात बघत राहिलो, कारण मनात मीही तेच म्हणालो होतो.

उत्तमराव हसले. "न्हाई कळत, शंकरराव. मी कुणाचा बाप न्हाई, म्हणून तर पोरं मला आत बसू देतेत."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी न्हाई म्हणा, मी अर्ज बंद करतो. पण न्हाई म्हणायचं तर तिच्याकडं बघून म्हणा. तक्त्याकडं बघून न्हाई."

मी तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत क्लासच्या टेस्टचे मार्क विचारताना मी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. ती वाळली होती. पण जिन्याच्या कठड्याला धरून अशी उभी होती की हलणार नाही.

"पुन्हा पाठव," मी म्हणालो.

दुसरा आकडा आला आणि मी तो मोठ्याने वाचला. आयुष्यात पहिल्यांदा. शंकररावांनीही ऐकला असणार.

सप्टेंबरात तिला उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात सोडायला आम्ही गेलो. उत्तमराव नांदेडहून परस्पर आले होते, मेसचं वरण बघायला. हॉस्टेलच्या कार्यालयात रेक्टरबाईंनी एक कार्ड दिलं: आई-वडिलांखेरीज मुलीला भेटायला कोण येऊ शकेल? ऋतुजाने कोणालाही न विचारता लिहिलं, उत्तमकाका. नाव, गाव, मोबाइल.

"यांचा फोटो लागेल," बाई म्हणाल्या.

ज्याने आजवर कित्येक पोरांच्या फायली लावल्या, तो माणूस खिसे चाचपू लागला. लेकराच्या कागदावर लावायला त्याचा फोटो आजवर कोणी मागितलाच नव्हता. "आलोच," म्हणाले आणि निघाले. मी मागोमाग गेलो. बसस्टँडजवळच्या दुकानात त्यांनी नळावर केस ओले करून विंचरले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि परीक्षेला बसल्यासारखे कॅमेऱ्यासमोर बसले. "एक कॉपी का आठ?" दुकानदाराने विचारलं. "आठ."

परत येऊन त्यांनी फोटो स्वतः चिकटवला, अंगठ्याने चारही कोपरे दाबले. मग हळू आवाजात बाईंना विचारलं, "मॅडम, हे कार्ड वर्षभरच चालतं का?"

"नाही हो. कोर्स संपेपर्यंत."

"कोर्स संपेपर्यंत," ते माझ्याकडे बघून म्हणाले, जणू मला ऐकू आलं नसावं.

मेस बघायचं ते विसरून गेले. त्या दिवसाचा सगळा खर्च मी केला: गाडी, गादी, बादली, हॉस्टेलची अनामत. फोटोवाल्याकडेही मी पाकीट काढलं होतं. उत्तमरावांनी माझं मनगट धरून ते परत खिशात घालायला लावलं. "हे तुमच्या हिशेबात धरू नका, साडू. हे माझं हाय." आठ फोटोंचे ऐंशी रुपये फोटोवाल्याला त्यांनी दिले.